फाटकापर्यंत आलेला मुलगा

मराठी साहित्यातील वार्धक्याविषयी वर्गात बोलताना आम्हां शिक्षकांच्या हाताशी एक सिद्ध चौकट असते : मुले कृतघ्न किंवा दूर गेलेली, आईबाप एकाकी. 'नटसम्राट'मधील (१९७०) बेलवलकर पतिपत्नींना मुलांच्या घरांतून बाहेर पडावे लागते. दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी दूरच्या मुलांची वाट पाहतात. ही चौकट खोटी नाही. परंतु करोनाच्या काळात ती अपुरी ठरली आणि आपण साहित्याच्या लोकांनी त्याची नोंद घेतली नाही, असे आम्हांस वाटते.

मार्च २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. एप्रिलमध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ज्येष्ठांना भेटीगाठी टाळण्याचा सल्ला दिला. वृद्धाश्रमांनी दारे लावून घेतली, यात त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. एका छपराखाली अनेक थकलेली माणसे असताना एका बाधिताचे आगमन पुरेसे होते. प्रश्न आहे तो, दार किती काळ बंद राहावे हे आत राहणाऱ्यांना कोणी विचारले का, हा.

धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात अनेकांसाठी दारे दोन होती. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेल्यांना आधी जिल्ह्याची सीमा ओलांडायची होती. ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पासून उठली. गावातच राहणाऱ्यांनाही फाटक चुकले नाही. आमच्या एका सहकाऱ्यांची आई अशा एका आश्रमात होती. ते दर रविवारी डबा आणि औषधे पहारेकऱ्याच्या हाती देत. आई व्हरांड्यातून हात हलवी. तिला ऐकू येत नसल्याने फोनचा उपयोग नव्हता. काही महिन्यांनी फाटक उघडले, तेव्हा तिने मुलाला विचारले, "तुमी कुणाकडचे?"

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या आदेशात, खाजगी वाहनाने जिल्ह्याबाहेर जाण्यास अंत्यविधी वा कुटुंबातील गंभीर आजार ही कारणे मान्य होती. माणूस मरणपंथाला लागला की त्याच्याकडे जाता येत होते. तो धड असताना जाणे मात्र अनावश्यक ठरत होते.

याच काळात मंदिरे उघडण्यासाठी आंदोलने झाली आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला, तुळजाभवानीचे दर्शन सुरू झाले. वृद्धाश्रमाच्या फाटकासाठी आंदोलन झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण 'तिथल्यांना भेटायला येतेच कोण?' ही आपली पक्की समजूत. ती समजूत घडवण्यात आपल्या साहित्याचा आणि ते शिकवणाऱ्या आमचा वाटा आहे. न येणाऱ्या मुलावर आपण इतके लिहिले, की फाटकापर्यंत येऊन परत गेलेला मुलगा आपल्याला दिसलाच नाही.

इतरत्र हा विचार झाला. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० मध्ये देशभर भेटबंदी आली. पण मे महिन्यातच २६ शुश्रूषागृहांत नियम पाळून भेटी सुरू करून अनुभव तपासण्यात आला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून आप्तांची भेट हा काळजीच्या मूलभूत निकषांचा भाग आहे. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ जिल्हागणिक निदान एका वृद्धाश्रमाची अपेक्षा ठेवते, वैद्यकीय सेवेची आणि मनोरंजनाचीही तरतूद सुचवते. आप्तांच्या भेटीविषयी ते गप्प आहे.

मराठीत 'भेट' म्हणजे गाठ पडणे आणि भेट म्हणजे नजराणाही. व्यवस्थेने दुसरा अर्थ धरला : द्यावीशी वाटली तर द्यावी. पुढची साथ येईल तेव्हा निदान एका ठरलेल्या माणसाला, मुखपट्टी लावून का होईना, आत जाता आले पाहिजे. तो हक्क आतल्या माणसाचा असावा. आणि यंदा 'संध्याछाया' शिकवताना त्या आईचा प्रश्नही आम्ही वर्गात मांडणार आहोत.