नामानिराळा शेजारी : काँगोतील 'यादवी'चे खरे स्वरूप

१/ २७ जानेवारी २०२५. पूर्व काँगोतील गोमा हे शहर एम-२३ या सशस्त्र संघटनेच्या हाती पडले. बातम्यांत तिला 'बंडखोर' म्हटले गेले आणि युद्धाला 'यादवी'. दोन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. जे युद्ध शेजारच्या राज्याच्या सैन्याखेरीज लढलेच गेले नसते, त्याला यादवी म्हणणे म्हणजे त्या राज्याला आयते निर्दोष ठरवणे होय.

२/ ते राज्य म्हणजे रवांडा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार काँगोच्या भूमीवर रवांडाचे ३ ते ४ हजार सैनिक होते. ही संख्या एम-२३च्या स्वतःच्या लढवय्यांइतकी, किंबहुना त्याहून अधिक होती. किगालीने मात्र आपण एम-२३चे पाठीराखे असल्याचे सतत नाकारले.

३/ हा नकार नवा नाही. १९९६ मध्ये तत्कालीन झैरेत मोबुटूंविरुद्ध लॉरां काबिला यांच्या नेतृत्वाखाली 'एएफडीएल' ही आघाडी उभी राहिली. युद्ध चालू असताना रवांडाने हात झटकले. मे १९९७ मध्ये किन्शासा पडले. दोनच महिन्यांनी पॉल कागामे यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'ला दिलेल्या मुलाखतीत ती मोहीम रवांडाने आखली आणि चालवली, हे स्वतःच मान्य केले.

४/ त्या मोहिमेचे सूत्रधार होते रवांडाचे अधिकारी जेम्स काबारेबे. विजयानंतर ते चक्क काँगोच्या सैन्याचे प्रमुख झाले! जुलै १९९८ मध्ये काबिलांनी त्यांना दूर केले. ऑगस्ट उजाडताच पूर्वेत 'आरसीडी' नावाचे नवे बंड पेटले आणि काबारेबे सैनिकांसह विमानाने थेट पश्चिम टोकाच्या कितोना तळावर उतरले. आधी नकार, मग नोव्हेंबर १९९८ मध्ये कबुली, हाच क्रम पुन्हा घडला.

५/ पुढे २००६ मध्ये 'सीएनडीपी' आली. २३ मार्च २००९च्या कराराने ती काँगोच्या सैन्यात सामावली गेली. तो करार पाळला गेला नाही, या तक्रारीवर २०१२ मध्ये तिच्यातूनच एम-२३ निघाली. त्या वर्षीच्या तज्ज्ञगटाच्या अहवालाने एम-२३ची आज्ञा-साखळी थेट रवांडाच्या संरक्षणमंत्र्यापर्यंत जात असल्याचे म्हटले. ते मंत्री कोण? जेम्स काबारेबेच! संघटनांच्या पाट्या बदलत गेल्या, माणूस तोच राहिला.

६/ रवांडाची बाजू पोकळ नाही, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १९९४च्या वंशसंहारात सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. मारेकऱ्यांच्या टोळ्या सीमा ओलांडून झैरेतील निर्वासित छावण्यांत शिरल्या आणि तेथून हल्ले करू लागल्या. त्यांचाच वारसा सांगणारी 'एफडीएलआर' ही संघटना आजही काँगोत आहे. काँगोतील तुत्सींचा छळ हीही वस्तुस्थिती आहे.

७/ परंतु भीती खरी असली म्हणून तिच्या नावाने केलेली प्रत्येक कृती न्याय्य ठरत नाही. जून २००० मध्ये रवांडाचे सैन्य सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, किसांगानी शहरात, युगांडाच्या सैन्याशी सहा दिवस लढले. कालपर्यंतच्या या दोन मित्रराष्ट्रांच्या तोफांखाली काँगोचे नागरिक मेले. तेथे कोणत्या मारेकऱ्याचा पाठलाग चालला होता? झगडा होता तो हिऱ्यांच्या व्यापाराचा आणि वर्चस्वाचा.

८/ आता खाणींकडे पाहा. एप्रिल २०२४च्या अखेरीस एम-२३ने रुबाया ताब्यात घेतले. जगातील टँटलमचा मोठा वाटा याच परिसरातील कोल्टनमधून येतो आणि हा धातू मोबाइलच्या सुट्या भागांत वापरतात. त्या व्यापारावरील करातून एम-२३ला दरमहा सुमारे ८ लाख डॉलर मिळत असल्याचे आणि कोल्टन रवांडात नेऊन तेथील मालात मिसळले जात असल्याचे तज्ज्ञगटाने नोंदवले. सीमेच्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या खाणीवर कर वसूल करावा लागत नाही.

९/ हे थांबवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०१२ आठवावे. त्या वर्षी ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आदी देशांनी रवांडाची काही मदत रोखली. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी आक्रमक कारवाईचा अधिकार असलेली तुकडी पाठवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये एम-२३ कोसळली. एखादे बंड बाहेरची रसद आटताच विझत असेल, तर ते कोणाच्या बळावर उभे होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१०/ याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये, एम-२३ पुन्हा मुसंडी मारत असताना, युरोपीय संघाने त्याच रवांडाशी खनिज-सहकार्याचा करार केला. काबारेबेंवर अमेरिकेचे निर्बंध आले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, गोमा पडल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

११/ नकाराचा खरा लाभ न्यायालयात मिळतो, असे वाटेल. पण रवांडाला तेथवर जावेच लागले नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्ये युगांडाला काँगोतील सशस्त्र गटांना पोसल्याबद्दल आणि आक्रमणाबद्दल दोषी धरले. २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. रवांडाविरुद्धचा काँगोचा दावा मात्र २००६ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. पुराव्यांची छाननी झालीच नाही.

१२/ म्हणूनच शब्दांची निवड महत्त्वाची. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २७७३ एकमताने संमत करून रवांडाच्या सैन्याने एम-२३ला मदत थांबवावी आणि काँगोतून निघून जावे, असे नाव घेऊन सांगितले. ते नाव उच्चारायला जगाला फार उशीर लागला. गोमा आणि किसांगानीच्या नागरिकांना फिर्याद कोणाविरुद्ध करायची हे ठाऊक आहे. 'यादवी' हा शब्द त्या फिर्यादीतून आरोपीचे नावच खोडून टाकतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी तो लेखणीतून उतरू देऊ नये.