फ्लटरवर पोट भरेल, पण किती वर्षे?

नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघालेल्या आपल्या मुलामुलींना हल्ली "काय शिकतोस?" असे विचारले की उत्तर एका शब्दात येते. फ्लटर. एखादा रिॲक्ट नेटिव्ह म्हणतो. 'प्रोग्रामिंग शिकतो' असे म्हणणारा क्वचितच भेटतो. क्लासच्या फलकावर तेच, ऑफर लेटरवर तेच, आणि मग स्वतःची ओळख सांगतानाही तेच : "मी फ्लटर डेव्हलपर." आमचा आक्षेप फ्लटरला नाही. एका कंपनीच्या एका साधनाला आयुष्यभराचे करिअर म्हणून विकले जाते, आणि ते विकत घेण्यासाठी कर्ज काढणारी घरे बहुतेक आपली असतात, याला आमचा आक्षेप आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाईलचे ॲप ॲण्ड्रॉइडसाठी वेगळे आणि आयफोनसाठी वेगळे लिहावे लागते. ॲण्ड्रॉइडसाठी जावा किंवा कोटलिन, आयफोनसाठी स्विफ्ट. म्हणजे दोन भाषा, दोन माणसे, दोन पगार. फ्लटरमध्ये एकदाच लिहायचे आणि दोन्हीकडे चालवायचे. मालकाचा एक पगार वाचतो, म्हणून छोट्या कंपन्यांना ते आवडते. गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आणली. त्यासाठी डार्ट नावाची भाषा शिकावी लागते. ही भाषाही गूगलचीच, २०११ सालची, आणि फ्लटरबाहेर तिला फारसे कोणी विचारत नाही. ही शेवटची गोष्ट क्लासच्या फलकावर लिहिलेली नसते.

फ्लटरने आपल्या मुलांना काहीच दिले नाही असे म्हणणेही खोटे ठरेल. साधन फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे. कोड बदलला की दुसऱ्या क्षणी पडद्यावर बदल दिसतो, त्यामुळे शिकणाऱ्याचा हुरूप टिकतो. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर संगणकातला नकली फोन रखडतो, मग आपली मुले स्वतःचाच फोन केबलने जोडून काम भागवतात. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या, बीसीए-बीएस्सी केलेल्या, तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या कितीतरी मुलांना या दाराने आत जाता आले. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे ओळखीपाळखीने, 'रेफरल'ने माणसे भरली जातात आणि आपल्या मुलांच्या ओळखी त्या इमारतींत नसतात. अशा ठिकाणी चालू ॲप हातात घेऊन "हे मी केले आहे" असे दाखवता येणे ही लहान गोष्ट नाही.

पण या धंद्यात साधनांचे आयुष्य किती असते, तेही पाहा. फोनगॅप एकेकाळी असेच 'एकदा लिहा, सगळीकडे चालवा' म्हणून गाजले होते. ते बनवणारी कंपनी अडोबीने २०११ साली विकत घेतली आणि २०२० मध्ये ते काम गुंडाळले. झॅमरिन मायक्रोसॉफ्टने २०१६ साली घेतले आणि १ मे २०२४ रोजी त्याचा आधार काढून घेतला. योगायोगाने तो कामगार दिन होता. फ्लॅशवर तर जगभरच्या लोकांनी आयुष्याची पंधरा-पंधरा वर्षे घातली होती, ते २०२० संपताना बंद झाले. एअरबीएनबीसारख्या मोठ्या कंपनीने २०१८ साली जाहीर केले की आम्ही रिॲक्ट नेटिव्ह सोडतो आहोत. रिॲक्ट नेटिव्ह मेले नाही, आजही जोरात आहे. पण त्या कंपनीतल्या त्या कामाचे काय झाले असेल ते आपण ओळखू शकतो. खुद्द गूगलने २०२४ च्या वसंतात केलेल्या कपातीत फ्लटर आणि डार्टच्या गटांतली माणसेही गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच गूगलने कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म या दुसऱ्या साधनालाही आपला पाठिंबा जाहीर केला. फ्लटरचे काम पुढे चालू आहे, नव्या आवृत्त्या येत आहेत, तेव्हा 'फ्लटर मेले' अशी आवई कोणी उठवू नये. पण निर्णय कुठे होतो ते लक्षात घ्या. कॅलिफोर्नियातल्या एका बैठकीत होतो. त्या बैठकीत आपला कोणी नसतो.

"मग काय झाले? साधन बदलले की नवे शिकायचे," असे सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. बरोबर आहे. पण नवे शिकायला सहा महिने लागतात आणि त्या सहा महिन्यांचे घरभाडे कोण भरणार? ज्याचे वडील बँकेतून निवृत्त झाले, मामा न्यू जर्सीत आहे, कोथरूडमध्ये स्वतःचा फ्लॅट आहे, त्याच्यासाठी हे सहा महिने म्हणजे 'ब्रेक'. ज्याच्या पगारातून गावाकडे दरमहा पैसे जातात, धाकट्या बहिणीची फी जाते आणि क्लासच्या कर्जाचा हप्ताही जातो, त्याच्यासाठी तेच सहा महिने म्हणजे बेकारी. धोका दोघांनाही सारखाच दिसतो. तो झेलण्याची ताकद सारखी नसते, आणि ती ताकद कुणाकडे आहे हे बऱ्याचदा आडनावावरून ओळखता येते.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले आणि मंडळाने ते होऊ दिले नाही. त्यात त्यांनी जातीचे आर्थिक विश्लेषण केले आहे. जात ही श्रमाची नुसती विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, एवढे आपण सगळे भाषणांतून सांगतो. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र कमी सांगितला जातो. उद्योगधंदे सतत बदलत असतात आणि बदलत्या उद्योगात माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात ती मोकळीक देत नाही, म्हणून जात हे बेकारीचे थेट कारण आहे, असे त्यांनी तिथे मांडले. आता कोणी म्हणेल की फ्रेमवर्क आणि जात यांची तुलना कशी करता? आम्ही तशी तुलना करत नाही. जात जन्माने चिकटते, फ्रेमवर्क माणूस निवडतो. पण धंदा बदलण्याची मोकळीक ही गोष्ट आजही कागदावर सर्वांना आणि व्यवहारात थोड्यांनाच आहे. जे शिक्षण ही मोकळीक वाढवत नाही, उलट एका खुंटीला बांधून ठेवते, ते शिक्षण आपल्याला परवडणारे नाही.

एकाच मालकावर विसंबल्याचा अनुभव आपल्या इतिहासात आहे. कंपनी सरकारच्या आणि पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेत महार मोठ्या संख्येने होते. गावकीतून सुटण्याचा तो खात्रीचा मार्ग होता. मग इंग्रजांच्या डोक्यात 'लढवय्या जाती'चे खूळ शिरले आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी एका हुकमाने संपली. स्वतः पेन्शनर असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. पण या कथेत आणखी एक गोष्ट आहे. फौजेने कवायत शिकवली, तसे लिहायला-वाचायलाही शिकवले. पलटणीत शिपायांच्या मुलांना शाळा होती. भरती बंद झाली तेव्हा कवायत निरुपयोगी ठरली, लिहिणे-वाचणे मात्र घरी आले. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरात पुढे काय घडले ते या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.

फ्लटर शिकताना कवायत कोणती आणि अक्षरज्ञान कोणते, हे आमच्या कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे. आम्ही संगणकाचे लोक नाही, समाजशास्त्राचे आहोत. पण अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांशी आणि या क्षेत्रात दहा वर्षे टिकलेल्या आपल्या काही जणांशी बोलून जे समजले ते असे.

तयार पॅकेज आणून जोडणे, यूट्यूबवरचा पडदा जसाच्या तसा उतरवणे, लॉगिनचे पान, यादीचे पान, पैसे भरण्याचे पान ही कवायत. यावर पहिली नोकरी मिळते. पण फ्लटर पडद्यावरचे बटनसुद्धा फोनकडून घेत नाही, स्वतः रंगवते. ते का आणि कसे? आई-विजेट मुलाला जागेची मर्यादा सांगते, मूल आपला आकार सांगते, मग आई त्याला जागेवर बसवते, हे कळले की पडदा का फाटतो ते कळते. माहिती बदलली की पडदा आपोआप बदलावा, ही कल्पना फ्लटरने रिॲक्टवरून घेतली आणि ते फ्लटरवाले स्वतःच सांगतात. ती ज्याला समजली त्याला रिॲक्टमध्ये जायला एक-दोन महिने लागतात. ज्याला फक्त पॅकेजचे नाव पाठ आहे त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. तीच गोष्ट सर्व्हरशी बोलण्याची, डेटाबेसची, गिटची. यातले काहीच गूगलच्या मालकीचे नाही.

दुसरी मेख खालच्या मजल्यावर आहे. कॅमेरा, ब्लूटूथ, बोटांचे ठसे अशा गोष्टींशी फ्लटरला बोलायचे असेल तर शेवटी कोटलिन आणि स्विफ्टमधूनच जावे लागते. कोणीतरी तो पूल आधीच बांधून ठेवलेला असतो, तोवर सगळे सुरळीत चालते. ॲण्ड्रॉइडची नवी आवृत्ती आली, तो पूल बांधणाऱ्याने दुरुस्ती करणे सोडून दिले की ॲप अडते. मग दोन्ही भाषा जाणणारा माणूस शोधला जातो. त्याचा पगार दुप्पट असतो. गिरणीत जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेवढ्याने सवर्ण कामगाराला विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. आज दारावर तशी पाटी नाही. तरीही आपली मुले एकाच खात्यात का अडकतात, याचा शोध घ्यायला नको का?

आणि 'दोन्हीकडे चालते' या जाहिरातीतली गंमत पाहा. आयफोनचे ॲप तयार करून दुकानात ठेवायचे तर एक्सकोड लागते आणि एक्सकोड फक्त ॲपलच्या मॅकवर चालते. शिवाय ॲपलची वर्षाची फी ९९ डॉलर. गूगल एकदाच २५ डॉलर घेते. म्हणजे आपला मुलगा 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' शिकतो आणि त्याने प्रत्यक्षात पाहिलेला असतो एकच प्लॅटफॉर्म. मुलाखतीत आयफोनवरच्या अडचणींविषयी विचारले की तो गप्प बसतो, आणि 'यांची तयारी कमी असते' हा शेरा मारायला समोरचा मोकळा.

आमच्या माहितीतला एक मुलगा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षे फ्लटरवर होता. कंपनीचा मोठा क्लायंट रिॲक्ट नेटिव्हकडे वळला. गटातल्या चौघांना दोन महिने दिले गेले. ज्या दोघांना जावास्क्रिप्ट आधीपासून येत होती ते राहिले. हा गेला. काम वाईट करत होता म्हणून नव्हे. नंतर आठ महिने त्याने फूड डिलिव्हरी केली, आता दुसरीकडे आहे, कमी पगारावर. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याच्या पगाराच्या दिवशी वस्तीत पेढे वाटणाऱ्या आम्हा सगळ्यांनी त्याला 'आता काय शिकतोस?' हे कधी विचारले होते?

"आधी पोट, मग तुमचे अक्षरज्ञान," असे आमचेच काही मित्र म्हणतात. त्यांचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. भुकेल्याला मूलतत्त्वे शिक म्हणणे हा पोट भरलेल्यांचा सल्ला आहे. म्हणून आम्ही फ्लटर शिकू नका म्हणत नाही. शिका, नोकरी धरा, पहिला पगार घरी द्या. प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो. नोकरी लागल्यानंतरची दोन वर्षे हाच या मुलांच्या हातातला खरा सवडीचा काळ असतो, आणि तोच आपण सत्कार, हप्ते आणि मोटारसायकल यांत घालवू देतो. मुलींच्या बाबतीत तर त्याच दोन वर्षांत घरचे स्थळे बघायला लागतात. नोकरी सुटली की "आता कशाला पुन्हा क्लास?" हा प्रश्न त्यांच्या वाट्याला भावांपेक्षा लवकर येतो. त्यामुळे एकाच साधनावर उभे राहण्याचा सर्वांत मोठा फटका मुलींनाच बसतो.

आणि हे काम एकट्या मुलाच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. आपल्या संस्था क्लासची फी भरायला मदत करतात, १४ एप्रिलला शाल-श्रीफळ देतात. त्याच पैशात विहारातल्या अभ्यासिकेत सोळा जीबीचे दोन संगणक आणि एक जुना मॅक मिनी येऊ शकतो. फ्लटरची सगळी कागदपत्रे इंग्रजीत आहेत आणि उत्तम आहेत. रविवारी दोन तास बसून ती मराठीत समजावून घेता येतात. नोकरीत असलेल्या आपल्या लोकांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी पुरे. सरकारी योजनांतल्या कौशल्य प्रशिक्षणाचा हिशेब 'किती जणांना नोकरी लागली' इथे संपतो. तीन वर्षांनी त्यातले किती जण टिकले, कितींचा पगार वाढला, हा आकडा मागण्याचे काम चळवळीचे आहे. माहितीचा अधिकार आपल्याला त्यासाठीच आहे.

आमच्या अभ्यासिकेत दिवाळीनंतर नवी तुकडी सुरू होईल. पहिले दोन महिने डार्ट नाही, जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएल. नंतर फ्लटर. शेवटी प्रत्येकाने एक लहान प्लगिन स्वतः कोटलिनमध्ये लिहायचे, बॅटरी किती उरली एवढे सांगणारे असले तरी चालेल. ज्यांना क्लासलाच जायचे आहे त्यांनी जरूर जावे. मात्र पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढे विचारावे : "सर, उद्या कंपनीने फ्लटर सोडले तर तुमच्या या सहा महिन्यांतले मला काय काय उपयोगी पडेल?" उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि अभ्यासिकेत आणून दाखवावे.

जय भीम.