लेक नदीच्या काठाने

गेल्या अंकात बँकखात्यांच्या वारसनोंदीविषयी लिहिले होते. त्यावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढील अंकी अवश्य देईन. या वेळी मात्र हिशेबाच्या विषयातून थोडी रजा घेतो. अगदी पूर्ण रजा मिळेलच असे नाही, हे वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

जून महिन्यात आम्ही उभयता नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे मुलीकडे गेलो होतो. तिने आणि जावयांनी आमच्यासाठी चार दिवसांचा बेत परस्पर ठरवून ठेवला होता. भाड्याच्या दोन सायकली, तीन ठिकाणी रात्रीचा मुक्काम आणि लेक नावाच्या नदीभोवतीचा सपाट मुलूख. ऱ्हाइन नदीचाच एक प्रवाह त्या देशात लेक या नावाने समुद्राकडे जातो. "लेकीकडे आलोच आहोत, आता लेकीच्या काठानेही हिंडून येऊ," असे म्हणून सौभाग्यवतींनी तत्काळ होकार दिला. मी मात्र घुटमळलो. माझे वय सदुसष्ट, हिचे त्रेसष्ट. हिच्या गुडघ्याची तक्रार जुनी. सायकलींना विजेची मोटार आहे, हे कळल्यावर माझा विरोध संपला. वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरी केलेले बिनलसणाचे भडंग बरोबर घेतले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची काळजी तर नव्हतीच. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आम्ही आठला जेवलो तरी ते दिवसाउजेडीच!

त्या देशात माणसांपेक्षा सायकलींची संख्या अधिक आहे, हे अनेकांनी ऐकले असेल. मला नवल वाटले ते वाटा दाखवण्याच्या पद्धतीचे. सायकलींच्या रस्त्यांवर जिथे दोन वाटा मिळतात तिथे फलकावर एक क्रमांक असतो आणि शेजारच्या क्रमांकांकडे जाणारे बाण असतात. सकाळी निघताना दिवसभराचे आकडे एका कागदावर उतरवून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचे. गावांची नावे उच्चारता आली नाहीत तरी अडत नाही. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून सोयीचा नकाशा कोणता? कागद माझ्या खिशात असला तरी दुसऱ्या दिवसापासून आकडे हीच पाठ म्हणू लागली आणि पुढे राहू लागली, हेही नमूद करतो.

डोंगर नाही म्हणून प्रवास सोपा, असे मात्र नाही. तिथला वारा हाच चढ. समोरून वारा सुटला की मोटारीचा टेकू असूनही दम लागतो.

पहिल्या दिवशी हाउटन गावावरून दक्षिणेस उतरून लेक नदीच्या बांधावर चढलो. सायकलीची वाट बांधाच्या माथ्यावरूनच जाते. एका बाजूला भरलेली नदी, दुसऱ्या बाजूला कुरणे, गाई, घरांची कौले. आणि नीट पाहिले की ध्यानात येते, नदीचे पाणी उजवीकडच्या कुरणांहून उंच आहे. सांगलीच्या माणसाला हे दृश्य पाहून क्षणभर धडकी भरते. आमच्याकडे पावसाळा आला की "आयर्विनला किती फूट?" हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न. २००५ आणि २०१९ साली कृष्णामाईचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा आमच्या दुकानातील माल आणि जुन्या वह्या दोन्ही गेल्या.

याच भागात होन्सवेइक नावाचे ठिकाण आहे. तिथे मी सायकल बांधावर उभी करून बराच वेळ थांबलो. पाहण्यासारखे काही नाही. नदीचे एक वळण आहे, इतकेच. परंतु १६४८ सालच्या मे महिन्यात या वळणावर पाण्याचा मारा अडवणारा धक्का बांधणाऱ्या मजुरांची मजुरी भागवण्यासाठी बांधाची देखभाल करणाऱ्या मंडळाने कर्जरोखा काढला. रक्कम एक हजार गिल्डर, व्याज ५ टक्के, मुदत नाही. मुद्दल कधी परत मागायचे नाही आणि व्याज कधी थांबायचे नाही, असा करार. चामड्यावर लिहिलेला तो रोखा आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. व्याजदर पुढे कमी होत २.५ टक्क्यांवर आला. गिल्डर जाऊन युरो आले. मूळ मंडळ दुसऱ्या मंडळात विलीन झाले. तरी २०१५ साली विद्यापीठाने बारा वर्षांचे थकलेले व्याज मागितले, तेव्हा आजच्या मंडळाने १३६ युरो २० सेंट मोजून दिले. वर्षाला ११ युरो ३५ सेंट. तेवढ्यात दोन माणसांचे जेवणही होणार नाही. पण देणे ते देणे!

बँकेतील नोकरीत मी बुडीत कर्जांची पुष्कळ प्रकरणे हाताळली. त्या वळणावर मला आठवले ते मात्र दादा, म्हणजे माझे वडील. गणपती पेठेतील आमचे दुकान किराणा आणि भुसाराचे. आठवड्यातून एकदा दादा काळ्या सायकलीवरून दिग्रज, हरिपूर या बाजूंना उधारी गोळा करायला जात. धोतराचा सोगा साखळीत अडकू नये म्हणून तो कमरेला खोचलेला, हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीत वही. दिवाळीला नवी वही पूजेला लागली की 'मागील बाकी' ते स्वतःच्या हाताने उतरवून घेत. ते काम कोणा मुनिमावर सोपवले नाही. वसूल होण्याची आशा नसलेली नावेही उतरवत. मी वाणिज्य शाखेत शिकत असताना एकदा म्हणालो, "दादा, ही रक्कम निर्लेखित करायला हवी." ते म्हणाले, "माणूस आहे तोवर नाव आहे." २००५ च्या पुरात त्या वह्यांचा लगदा झाला, तेव्हा दादांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. पाणी ओसरल्यावर दिग्रजकडील एक वृद्ध शेतकरी दुकानाच्या चिखलात उभे राहून थोरल्या बंधूंना आपली बाकी सांगून गेले आणि पुढे सुगीला देऊनही गेले. वहीत तो आकडा काय होता, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

दुसरा मुक्काम आउडेवाटर गावी. तिथले जुने तराजूघर प्रसिद्ध आहे. युरोपात ज्या काळी निरपराध स्त्रियांना चेटकीण ठरवून जाळत असत, त्या काळी आरोप आलेली माणसे दूरदूरून या गावी वजन करून घ्यायला येत. चेटकीण झाडूवर उडते म्हणजे ती फार हलकी असणार, अशी समजूत. इथला काटा प्रामाणिक. वजन माणसाइतकेच भरे आणि तसा दाखला मिळे. खोट्या काट्याने ग्राहक फसतो हे आपण जाणतो. खऱ्या काट्याने जीव वाचल्याची ही हकिकत आपल्या प्रत्येक पेढीवर सांगण्यासारखी आहे. आजही तिथे प्रवाशांचे वजन करून दाखला देतात. हिने करवून घेतले. आकडा येथे छापू नये, अशी सक्त ताकीद आहे.

गौडा गावचा गुरुवारचा चीज बाजारही पाहिला. विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या तळहातावर टाळ्या देत भाव वरखाली करतात. आपल्या अडत पेठांत एकेकाळी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. यांचा सौदा उघड्यावर आणि टाळी वाजवून. चीज आम्ही चाखले नाही. पारंपरिक गौडा चीजसाठी दूध नासवायला वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हे परदेशी जाणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गौड्याच्या खालच्या बाजूस याच हॉलंडसे आयसेल नदीवर १९५३ सालच्या १ फेब्रुवारीच्या पहाटे बांध फुटू लागला. त्या वादळात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. तिथे मात्र अरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपले मालवाहू जहाज त्या भगदाडातच आडवे घातले आणि पाणी थोपवले. जहाजाचे नाव 'दोन भाऊ'. त्याच्या उपजीविकेचे साधन तेच होते. दुसऱ्या वर्षी देशातील पाणी मंडळांना कर्ज पुरवण्यासाठी स्वतंत्र बँक स्थापन झाली. ती आजही चालू आहे. (बँकेचा विषय टाळायचे ठरवले होते, जमले नाही.)

तिसरा दिवस व्लिस्ट या चिंचोळ्या नदीच्या काठचा. दोन्ही बाजूंना वाळुंजाची झाडे, पाण्यात बदके, वाटेवर जेमतेम दोन सायकली मावतील इतकी जागा. एका शेताच्या फाटकापाशी चेरींच्या पुड्या आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला. गल्ल्यावर माणूस नाही. आम्ही पैसे टाकले, मोजून टाकले, आणि पुढे स्कोनहोवन गावी लेक ओलांडणाऱ्या होडीची वाट पाहत धक्क्यावर चेरी खात बसलो.

तिथे हिने विचारले, "अहो, माझ्या सायकलीचा रंग आठवतो का तुम्हांला?"

मी म्हणालो, "ही काय, समोर उभी आहे. काळी."

"ही नव्हे. माझी."

हिचे माहेर जयसिंगपूरचे. मॅट्रिक झाल्यावर हिच्या वडिलांनी सायकल घेऊन दिली होती आणि १९८२ साली लग्नानंतर ती रुखवताच्या सामानाबरोबर आमच्याकडे आली. दादा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सूनबाईंनी पेठेतून सायकलवर जाणे बरे दिसणार नाही." दुसऱ्या दिवसापासून दुकानातील पोऱ्या त्या सायकलीवरून घरोघरी माल पोहोचवू लागला. मी बँकेत नुकताच कायम झालेला अधिकारी. बँकेत शंका आली तर वरिष्ठांनाही लेखी विचारणारा. त्या दिवशी मी जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसलो होतो. हिने तेव्हा काही म्हटले नाही, पुढेही कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. आणि न काढण्यालाच विसरणे समजत आलो.

"हिरवी," मी म्हणालो.

"आकाशी," ही म्हणाली. होडी आली होती.

चौथ्या दिवशी बांधावरून किंडरडाइकला पोहोचलो. १७४० च्या सुमारास बांधलेल्या तिथल्या एकोणीस पवनचक्क्या जागतिक वारशात गणल्या जातात. काहींत अजून कुटुंबे राहतात. चक्की थांबवताना पाते माथ्याच्या किंचित अलीकडे ठेवले तर घरात आनंदाची वार्ता, किंचित पलीकडे ठेवले तर शोकाची, असा तिकडचा संकेत आहे. तेथून सायकलींसह नदीतील प्रवासी बोटीने रोटरडॅमला आणि आगगाडीने लेकीच्या घरी परतलो.

सांगलीस आल्यावर आम्ही दोघे सायकलीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने लाल, काळी आणि जांभळी दाखवली. आकाशी रंग शिल्लक नव्हता. मागवून देतो म्हणाला, पंधरा दिवस लागतील. आगाऊ रक्कम दिली आहे. पावती हिच्याकडे आहे.