लॉगटेबल चालते, कॅल्क्युलेटर का नको?

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर राज्य मंडळाची सूचना असते : लॉगटेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. लॉगॅरिदमची कोष्टके नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केली. तीही दुसऱ्याने करून ठेवलेली आकडेमोडच! साताऱ्यात बारावी होऊन सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या हाती मात्र लगेच कॅल्क्युलेटर येतो. मग गणिताच्या वर्गातील बंदी रक्षण कशाचे करते?

हिशेब हाताने पक्का व्हावा, ही शिक्षकांची चिंता रास्त आहे. दहावीपर्यंत ती मान्यच करावी. परंतु आलेख म्हणजे निव्वळ आकडेमोड नव्हे. सहगुणक बदलताच अन्वस्त कसा रुंदावतो, हे एकदा कागदावर काढावे आणि दहा वेळा पडद्यावर पाहावे, तेव्हा उमगते. आलेख काढणारे कॅल्क्युलेटर महाग आहेत, हे खरे. पण जिओजिब्रा मोबाइलवर फुकट मिळते. बाकाखाली ते चोरून पाहणारा विद्यार्थी उत्तर तेवढे वहीत उतरवतो, आणि त्याचे कोठे अडले हे शिक्षकांना कधीच कळत नाही. त्यापेक्षा ते उघडपणे फळ्याशेजारी यावे. ‘आलेख काढा’ याऐवजी ‘आलेख येथेच का वळला?’ असे विचारावे. परीक्षेतील बंदी हवी तर तूर्त राहो.