आधी आईवडिलांना शिकवा

कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात कुणालाच ही वाट ठाऊक नसते. ‘बोलेल सावकाश, याचा बापही उशिराच बोलला,’ असे म्हणण्यात दोन-तीन वर्षे निघून जातात आणि भाषा रुजण्याचा काळ नेमका तोच. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार व शिक्षणाला सुरुवात, हे सूत्र जगभर मानले जाते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे. पण गडचिरोलीतल्या आईने तिथे दर महिन्याला कसे यायचे? श्रवणयंत्र मिळाले तरी बॅटरी, दुरुस्ती, वाचाउपचार आहेतच. बाळाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानातला साचाही बदलावा लागतो, हे तरी किती जणींना सांगितले जाते?

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायचेच नाही, ही भीती काही शिक्षकही घालतात. आम्हाला ती निराधार वाटते. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा आग्रह धरला. पण ती आजीला, शेजारच्या पोरांना शिकवायला घरी कोण येणार? या अंकात पालकांनीच त्यावर लिहिले आहे, काहींनी बरेच रागावून.