कॅलेंडरवरच्या फुल्या

सात वर्षांपूर्वीच्या रमज़ानमध्ये अम्मीचे १४ रोजे सुटले. एरवी सहा-सात सुटायचे. कज़ा रोजे लक्षात राहावेत म्हणून ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुल्या मारायची. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. दिवसभर आकडे बघून बिघाड शोधणं हेच माझं काम. त्या फुल्या मी रोज पाहत होतो, पण कधी विचारलं नाही.

ईदनंतर जिना चढताना तिला धाप लागली, तेव्हा कुठे तपासणी झाली. हिमोग्लोबिन ६. गर्भाशयात गाठी होत्या आणि दोन वर्षं पाळीत अतिरक्तस्राव होत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, “याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे कधी गेला होतात?” अम्मी म्हणाली, “धाकट्याच्या बाळंतपणात.” धाकटा तेव्हा २४ वर्षांचा होता.

आपल्या घरांत ही डॉक्टर म्हणजे फक्त बाळंतपणाची डॉक्टर. लग्नाआधी मुलगी तिथे दिसली तर लोक काय म्हणतील, आणि मुलं झाल्यावर तिथे काम काय? खरं तर तिचं काम पहिल्या पाळीपासून पाळी गेल्यानंतरच्या वयापर्यंत चालतं. उठता येऊ नये इतकं पोट दुखणं, महिनोन्महिने पाळी न येणं, आठ दिवसांहून जास्त रक्त जाणं, ही सगळी तिला दाखवण्याची कारणं आहेत. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. देशात तिशी-चाळिशीतल्या शंभर स्त्रियांपैकी दोघींनीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी केलेली नाही. ही तपासणी महागच असते असंही नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायका सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून दर दोन वर्षांनी तपासणी करत. तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा आपल्यापाशी, घरातल्या पुरुषांपाशी. पैसे आपल्या हातात, गाडी आपल्या हातात, आणि हा विषय निघाला की उठून जाणारेही आपणच. पडद्याचा संकोच असेल तर महिला डॉक्टर मागता येते. नसेल तर तपासताना नर्स सोबत असावी असं सांगता येतं. आपण सोबत जावं, आणि तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून बाहेर बसावं.

ऑपरेशननंतर अम्मी बरी झाली. राहिलेले रोजेही तिने पुरे केले. मला विचारायला दोन वर्षं उशीर झाला. तुम्ही आजच विचारा.