शेतकऱ्यांची पसंती कशी अजमावावी?

नवा वाण शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरावयाचा असेल, तर तो तयार होण्यापूर्वीच त्यांचे मत घेतले पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. त्यासाठी मोबाईलवरील ऑनलाइन पाहणीचे साधनही हाताशी आले आहे. तथापि, साधन नवे असले म्हणून प्रश्न आपोआप योग्य होत नाही.

रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्यावे. धान्याचे उत्पन्न, कडबा, भाकरीची चव, दाण्याचा टपोरेपणा, अवर्षणात टिकाव, खोडमाशीस प्रतिकार आणि न लोळणारे ताट अशा सात बाबी मांडून प्रत्येकीस पाचपैकी गुण द्यावयास सांगितले, तर बहुतेक बाबींपुढे चार किंवा पाच गुण पडतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला सर्वच हवे असते, शिवाय विचारणाऱ्याचे मन मोडू नये अशीही त्याची रीत असते. परंतु वाण तयार करणाऱ्यास सर्व काही एकदम साधता येत नाही. दाणा वाढविताना ताट बुटके झाले तर कडबा घटतो, आणि सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात कडबा हा जनावरांचा मोठा आधार आहे. म्हणून काय हवे याबरोबरच कशावाचून चालेल, हेही शेतकऱ्यानेच सांगणे अगत्याचे आहे.

यासाठी 'सर्वांत जास्त व सर्वांत कमी' ही निवडीची पद्धत अधिक हितावह आहे. जॉर्डन लुव्हिएर यांनी ती १९८७ साली मांडली. १९९२ मध्ये ॲडम फिन यांच्यासमवेत त्यांनी अन्नाच्या सुरक्षिततेविषयी लोकांना वाटणारी चिंता तिच्या आधारे अभ्यासली. या पद्धतीत थोड्या बाबींचा एकेक गट पुढे ठेवून त्यांतील सर्वांत महत्त्वाची कोणती व सर्वांत कमी महत्त्वाची कोणती, एवढेच विचारतात. बाजारात बैल पारखणारा शेतकरी गुण देत नाही. तो निवड करतो. हीच त्याची सवय येथे कामी येते.

गट मात्र मनाला येईल तसे पाडू नयेत. प्रयोगशेतात एकाच वाणाला प्रत्येक वेळी कसदार वाफा दिला, तर तुलना खोटी ठरते. तसेच कडब्याला नेहमी दुबळ्या बाबींशेजारी बसविले, तर त्याचे महत्त्व फुगलेले दिसेल. या अडचणीवरचा तोडगा शेतीच्या प्रयोगांतच सापडला आहे. फ्रँक येट्स यांनी १९३६ साली समतोल अपूर्ण गटांची रचना मांडली आणि १९३९ साली राजचंद्र बोस यांनी अशा रचना तयार करण्याच्या गणिती रीती दिल्या. सात बाबींना १ ते ७ क्रमांक देऊन १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२ व ७-१-३ असे गट पाडावेत. यात प्रत्येक बाब तीनदा येते आणि कोणत्याही दोन बाबींची गाठ एकदाच पडते.

पाहणी मोबाईलवर मांडताना एका वेळी एकच गट दाखवावा. गटांचा व गटातील बाबींचा क्रम प्रत्येक उत्तरदात्यासाठी बदलता ठेवावा, म्हणजे पहिल्या ओळीला फुकटचा लाभ मिळणार नाही. दोन्ही उत्तरांसाठी एकच बाब निवडता येऊ नये. शब्द गावातले असावेत. 'चाऱ्याचे पोषणमूल्य' न लिहिता 'कडबा' लिहावे. मोठ्या पाहणीपूर्वी आठ-दहा शेतकऱ्यांकडून ती भरून घ्यावी.

हिशेबही सोपा आहे. एखादी बाब जितक्या वेळा 'सर्वांत जास्त' ठरली, त्यातून ती 'सर्वांत कमी' ठरल्याची संख्या वजा करावी. एका शेतकऱ्यापुरती ही शिल्लक अधिक ३ ते उणे ३ यांच्या दरम्यान राहते. मात्र ती केवळ परस्पर तुलना दाखविते. तळाशी आलेली बाब निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

प्रत्यक्ष शेतावरही हा विचार उपयोगी ठरला आहे. भारत व इथिओपियातील गहू आणि निकाराग्वातील घेवडा यांच्या १२,४०९ शेतचाचण्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक शेतकऱ्याने तीन वाण पेरून त्यांतील उत्तम कोणता व निकृष्ट कोणता, ते सांगितले होते.

तरीही एक धोका उरतो. मोबाईल घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती असला, तर भाकरी थापणाऱ्या आणि जनावरांना वैरण घालणाऱ्या स्त्रीचे मत नोंदलेच जाणार नाही. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांचेही तसेच होईल. गावातील कार्यकर्त्याने अशा घरी जाऊन प्रश्न वाचून दाखवावेत. उत्तर मात्र सुचवू नये. पाहणीत ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांची गरज वाणातही उतरणार नाही, आणि मग असे बियाणे घरात येऊनही पेरणीच्या वेळी पोत्यातच राहील.